बदाम, भायर ये!

आमच्या खेड तालुक्यातल्या घरात लहानपणी एकच कुत्रा होता, आणि तोही रेकॉर्डवरचा. अब्बा जहाजावर नोकरीला होते. एका सफरीहून त्यांनी ग्रामोफोन आणला होता आणि त्याच्यासोबत कव्वाल्यांच्या रेकॉर्डी. प्रत्येक रेकॉर्डच्या मधोमध कर्ण्यासमोर मान वाकडी करून बसलेला तो कुत्रा. दादी म्हणायची, "हा एक चालेल. हा चाटत नाही."

त्या कुत्र्याचं नाव निपर होतं, हे मला फार उशिरा कळलं. तो 1884 साली इंग्लंडात ब्रिस्टलला जन्मला. जातीनं मिश्र टेरियर. पाहुण्यांच्या पोटऱ्यांना चिमटे काढल्यासारखा चावायचा म्हणून नाव निपर. फ्रान्सिस बराड नावाच्या चित्रकारानं त्याचं चित्र काढलं, तेव्हा तो मरून गेलेला होता. म्हणजे आमच्या घरातला एकुलता एक कुत्रा टेरियर होता. हे आज आठवायचं कारण म्हणजे, गेल्या मे महिन्यात अमेरिकेत एका ओल्या शेतात उभी राहून मी एका टेरियरसाठी दुआ मागितली. होय, कुत्र्यासाठी. वाचकांनी आधी सगळं ऐकून घ्यावं, मग काय ते म्हणावं.

आधी माझी बाजू. मी आठ वर्षांची असताना मदरशातून घरी येताना एक कुत्रा पिंडरीला चावला. त्या काळी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागायची. रोज एक. अम्मी मला एस.टी.नं तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची आणि परतीच्या वाटेवर लिमलेटच्या गोळ्या घेऊन द्यायची. गोळ्यांची चव विसरले, इंजेक्शनं नाही. त्या दिवसापासून रस्त्यात कुत्रा दिसला की मी रस्ता बदलते. आता वय सेहेचाळीस, उर्दू शाळेत मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवते, वर्गात साठ पोरांना गप्प बसवते, पण शाळेच्या फाटकात कुत्रा बसलेला असला की शिपायाला हाक मारते.

त्यात आम्ही कोकणी मुसलमान, शाफई. हनफींकडे कुत्र्याची लाळ नापाक मानतात. आमच्याकडे अख्खा कुत्राच नापाक. ओला कुत्रा अंगाला किंवा भांड्याला लागला तर सात वेळा धुवायचं, त्यातली एक वेळ मातीने. इमाम मालिक यांचं मत मात्र कुत्रा पाक आहे असं. पण कोकणात इमाम मालिक यांना विचारतो कोण?

म्हणून तीन वर्षांपूर्वी न्यू जर्सीहून आपाचा फोन आला तेव्हा ती कुजबुजत बोलत होती. जणू अम्मी बाजूच्या खोलीतच आहे.

"घरात कुत्रा आणलाय. अम्मीला सांगू नकोस."

भाच्यासाठी आणला होता. तो पंधरा वर्षांचा असताना त्याचं बोलणं कमी होत होत जवळजवळ बंदच झालं होतं. शाळेतून यायचं, तळघरातल्या खोलीत उतरायचं, दार लावून घ्यायचं. नमाज सुटली, जेवण सुटलं, मार्क घसरले. डॉक्टर झाले, औषधं झाली. डॉक्टरांनीच सुचवलं की ज्याची रोज देखभाल करावी लागेल असं काहीतरी त्याला द्या. दुल्हेभाई मांजरीवर राजी होते. पोरानं कित्येक आठवड्यांनी तोंड उघडलं ते "कुत्रा" म्हणायला. मग नाही कोण म्हणणार? आपानं अटी घातल्या. कुत्रा तळघरातच राहील, स्वयंपाकघरात येणार नाही, नमाजच्या खोलीचा तर उंबराही नाही. आणि ती स्वतः त्याला हात लावणार नाही. तीन वर्षं तिनं हे पाळलं होतं.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सहा आठवड्यांसाठी तिच्याकडे गेले. विमानात सगळ्यात जास्त भीती त्या तळघराचीच वाटत होती.

कुत्रा निघाला मांजराएवढा. बदामाच्या सालीचा रंग, खरखरीत केस, पाणमांजरासारखं चपटं डोकं. नाव बदाम. जात बॉर्डर टेरियर. भाचा आता अठरा वर्षांचा, दाढी फुटलेली, अजूनही शब्द मोजून बोलणारा. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी, तो खाली. माझी घाबरगुंडी बघून तो म्हणाला, "खाला, याची छाती मोजायची असते. बघ." आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ करून कुत्र्याची छाती खांद्यांच्या मागून धरली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांना भिडली. "बोटं भिडली पाहिजेत. नाहीतर तो कोल्ह्याच्या बिळात मावणार नाही."

माझ्याशी तो एवढं सलग पहिल्यांदाच बोलला होता. पुढचे आठ-दहा दिवस मग मी रोज जिन्याची एकेक पायरी खाली उतरत गेले, आणि तो मला एकेक गोष्ट सांगत गेला.

'टेरियर' या शब्दाच्या मुळाशी 'तेर' आहे, म्हणजे फ्रेंचमध्ये जमीन, माती. मातीत शिरणारा तो टेरियर. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सरहद्दीवरच्या डोंगरात मेंढपाळ आणि शिकारी हे कुत्रे बाळगायचे. घोड्यामागं पळता येईल एवढे लांब पाय, कोल्ह्यामागं बिळात घुसता येईल एवढी बारीक छाती. बिळात शिरून कोल्ह्याला मारणं हे त्यांचं काम नव्हे. त्याच्यासमोर उभं राहून भुंकत राहायचं, म्हणजे एक तर कोल्हा बाहेर पळतो, नाहीतर वरच्या माणसांना कुठं खणायचं ते आवाजावरून कळतं. डेव्हनमधला जॉन रसेल नावाचा पाद्री (1795–1883) या कुत्र्यांपायी इतका वेडा होता की एका जातीला त्याचंच नाव चिकटलं. विद्यार्थी असताना त्यानं ऑक्सफर्डजवळ एका दूधवाल्याची टेरियर कुत्री पाहिली आणि तिथंच विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. आजचे जॅक रसेल तिच्या वंशातले मानतात.

आता शहरातल्या टेरियरला कोल्हा कुठला? तो सोफ्यावर झोपतो. पण अंगात ती शेकडो वर्षांची खाज असतेच. म्हणून अमेरिकेत पॅट्रिशिया ॲडम्स लेंट या बाईंनी 1971 मध्ये अमेरिकन वर्किंग टेरियर असोसिएशन काढली आणि खोट्या बिळांच्या परीक्षा सुरू केल्या. 1994 पासून अमेरिकन केनेल क्लबनंही 'अर्थडॉग' नावानं अशा चाचण्या घ्यायला सुरुवात केली. डॅक्सहुंडलाही यात भाग घेता येतो. आपल्याकडे पुण्या-मुंबईत तो लांबुळका, आखूड पायांचा कुत्रा घरोघरी दिसतो. त्याच्या जर्मन नावाचा अर्थच 'बिज्जूचा कुत्रा' असा आहे, हे पाळणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

मला त्यातलं 'परीक्षा' हे एवढंच समजत होतं. मी विचारलं, "पहिला नंबर किती जणांतून?"

"नंबर नसतो, खाला. कुत्रा पास होतो किंवा होत नाही. दुसऱ्या कुत्र्याशी त्याचा संबंध नाही."

आम्ही मास्तर लोक ज्या गोष्टीवर बी.एड.मध्ये पेपर लिहून आलो आणि वर्गात कधीच केली नाही, ती इथं कुत्र्यांसाठी चालू होती.

बदाम ज्युनिअर पास झालेला होता. त्यात तीस फुटांचं बीळ असतं, काटकोनात तीन वळणं. आतून नऊ इंच रुंद, नऊ इंच उंच. दोन बाजू आणि वरचं छत लाकडी, खाली माती. शेवटाला लाकडी दांड्यांच्या आड, बंद पिंजऱ्यात दोन उंदीर. कुत्र्यानं सोडल्यापासून तीस सेकंदांत तिथवर पोचायचं आणि साठ सेकंद 'काम' करायचं, म्हणजे भुंकायचं, उकरायचं, दांड्यांना भिडायचं. आता सिनिअर होती. तिथं कुत्र्याला बिळापासून वीस फुटांवर सोडतात, बिळाचं तोंड त्याचं त्यानं शोधायचं. आत एक फसवी शाखा असते, तिच्यात उंदरांखालचा वापरलेला भुसा टाकलेला. शिवाय बाहेर पडायची एक फसवी वाट. नव्वद सेकंदांत शिकारीपर्यंत पोचायचं, नव्वद सेकंद काम करायचं. मग वरून उंदरांचा पिंजरा काढून घेतात आणि धन्यानं कुत्र्याला हाक मारून बाहेर बोलवायचं. त्यालाही नव्वदच सेकंद. आत हात घालायचा नाही. असं तीन वेळा जमलं की पदवी.

"सगळ्यात अवघड काय?" मी विचारलं.

"बोलावणं," तो म्हणाला.

शनिवार-रविवार दोन दिवस पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतावर चाचणी होती. आपा कधीच गेली नव्हती. दुल्हेभाई कामावर होते, मी जाणार म्हणून तीही निघाली, आणि पूर्ण वाट गाडीत पुढच्या सीटवर ओढणी सावरून बसली. मागं पिंजऱ्यात बदाम.

शेतात घडीच्या खुर्च्या, थर्मास, रबरी बूट घातलेली म्हातारी माणसं. आमच्या दोघींचे हिजाब बघून कुणी काही म्हणालं नाही. एका आजीबाईंनी मात्र विचारलं, "तुमचा कुठला?" आपा गोंधळली. तिला वाटलं कुत्र्याबद्दल विचारतायत. मग तिनं मुलाकडं बोट केलं. आजी म्हणाल्या, "हो हो, तो मुलगा. फार शांत हात आहेत त्याचे." आपा त्यानंतर बराच वेळ त्या मुलाच्या हातांकडे बघत होती.

जमिनीवर बीळ दिसतच नव्हतं. खंदक खणून, लाकडी चौकट बसवून वर पुन्हा माती आणि गवत टाकलेलं. परीक्षक बाई त्या टोकाला, उंदरांच्या वरच्या झाकणापाशी जमिनीवर बसल्या होत्या, हातात घड्याळ. बदामला सोडलं. तो बाणासारखा सुटला आणि गवतातून नाहीसा झाला. मग पायाखालून आवाज आला. जमिनीच्या पोटातून भुंकण्याचा आवाज ऐकणं काय असतं ते मला सांगता येत नाही. माझी जुनी पिंडरी थरथरली. पण पळावंसं वाटलं नाही. तो आमच्यावर भुंकत नव्हता. तो त्याच्या कामावर होता.

नव्वद सेकंद झाली. पिंजरा निघाला. परीक्षक बाईंनी खूण केली.

भाच्यानं हाक मारली. इंग्रजीत, "बदाम, कम." त्याचा आवाज आमच्यापर्यंतसुद्धा नीट आला नाही. पुन्हा तेच. बदाम आत रिकाम्या जागी उकरत होता. उकरल्याचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. पोराच्या कानशिला लाल झाल्या. लोक शांत उभे. नव्वद सेकंद वर्गात किती पटकन जातात! तिथं संपता संपेनात. आणि संपली तेव्हा बदाम आतच होता. झाकण उघडून त्याला काढावं लागलं.

"ठीक आहे," भाचा म्हणाला. पिंजऱ्यात कुत्रा ठेवला आणि गाडीत जाऊन बसला.

रात्री एका मोटेलात उतरलो होतो. तो त्याच्या खोलीत, आम्ही दोघी आमच्या. इशा झाली. आपा जानमाज न उचलता तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तुला माहीत आहे, तो बिळाच्या तोंडाशी उभा होता ना, तशी मी तीन वर्षं जिन्याच्या तोंडाशी उभी आहे. मी हाक मारते, आतून फक्त आवाज येतो की कुणीतरी आहे."

माझ्याकडे याला उत्तर नव्हतं. मला माझ्या वर्गातला एक मुलगा आठवत होता. मराठीच्या तासाला कधीच तोंड उघडायचा नाही. मी सलग दोन वर्षं त्याच्या प्रगतिपुस्तकावर 'प्रतिसाद देत नाही' असं लिहिलं. मी ज्या आवाजात हाक मारत होते तो त्याचा आवाज आहे का, हे मी कधी तपासलं नाही. नंतर तो शाळेतून गळाला. आता कुठे आहे ठाऊक नाही.

सकाळी नाश्त्याला आपा सहज म्हणाली, "घरी तर मी 'जेवायला भायर ये' म्हटलं की हा बदामच आधी येतो वरच्या पायरीला, तू त्याच्या मागून." ती हे कौतुकानं नव्हे, तक्रारीच्या सुरात म्हणाली होती. कुत्रा पायरीवर येतो ही तिची तक्रार. भाच्यानं मान वर केली, आईकडे बघितलं, आणि पुन्हा पावाला लोणी लावायला लागला.

रात्री पाऊस पडून गेला होता. शेतात चिखल. बदामची पाळी अकराच्या सुमाराला आली. सुटला, या वेळी आधी फसव्या शाखेत शिरला. वरून आवाजाची जागा चुकलेली आम्हालाही कळत होती. मग वळला आणि खऱ्या जागी पोचला. भुंकला, उकरलं. पिंजरा निघाला. खूण झाली.

"बदाम, कम."

काही नाही. दुसऱ्यांदाही काही नाही. मी मनातल्या मनात दुआ मागितली ती याच वेळी. कोणासाठी मागत होते, कुत्र्यासाठी की पोरासाठी, ते अल्लाहला ठाऊक.

आणि मग त्या पोरानं छाती भरून श्वास घेतला आणि शेताच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"बदाम! जेवायला भायर ये!"

आमच्या खेडची कोकणी. तोच हेल, 'ये' लांबवण्याची तीच तऱ्हा. अम्मीनं आपाला अंगणातून मारली तशी हाक, आपानं जिन्यावरून मारली तशी. पेनसिल्व्हेनियातल्या त्या शेतात ती फक्त चौघांना समजली. एक भाचा, दोघी आम्ही, आणि चौथा जमिनीखाली होता. उकरणं थांबलं. दोन क्षण काहीच नाही. मग गवतातून ते चपटं डोकं बाहेर आलं, चिखलानं माखलेलं, जीभ बाहेर.

नव्वद सेकंदांच्या आत. पास.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाच्यानं त्याला उचललं, पण तो हातातून निसटला आणि जेवणाचा आवाज ज्या बाईचा, तिच्याकडेच थेट धावला. आपा मागं सरायच्या आत त्याचे चारी पाय तिच्या फिक्या निळ्या कमीजवर उमटले. वर त्यानं तिचा हातही चाटला.

भाचा जागीच गोठला. मीसुद्धा. तीन वर्षांचा नियम एका उडीत मोडला होता.

आपानं कमीजकडे बघितलं, हाताकडे बघितलं. मग म्हणाली, "मातीची एक वेळ तर यानंच करून टाकली. आता पाण्याच्या सहाच उरल्या."

भाचा हसला. आवाज करून हसला. मला सांगा, यात मोठी गोष्ट काय आहे? अठरा वर्षांचं पोर हसलं. पण आपा त्या चिखलात उभी राहून रडत होती आणि कुत्रा तिच्या पायाशी बसून मान वाकडी करून तिच्या तोंडाकडे बघत होता. अगदी अब्बांच्या रेकॉर्डवर बसायचा तसा.

उगाच गोड शेवट करायला नको म्हणून सांगते. ती एकच पास होती, अजून दोन बाकी आहेत. भाचा अजूनही तळघरातच झोपतो, औषधं चालू आहेत, काही दिवस पुन्हा दार लावून घेतो. बदाम अजूनही नमाजच्या खोलीत जात नाही, आणि जाऊ नये असं माझंही मत आहे. घरी येऊन आपानं कमीज आणि हात सातही वेळा नीट धुतले, विनोद विनोदाच्या जागी. आणि त्या उंदरांचं म्हणाल तर मला ते आवडलं नाही. त्यांना इजा होत नाही, दांड्यांच्या आड ते सुरक्षित असतात. मी नंतर वाकून पाहिलं तर एक जण बसून मिशा पुसत होता. तरी कुणीतरी दिवसभर आपल्यावर भुंकत राहणं ही काही सुखाची नोकरी नव्हे. आता नियमांत खऱ्या उंदरांऐवजी कृत्रिम शिकार वापरायचीही सोय आहे, हे भाच्यानंच सांगितलं.

परत आल्यावर मी शिकवण्यात गुंतले. उर्दूच्या तासाला पोरं एक चूक हमखास करतात. क़ल्ब म्हणजे काळीज, तो मोठ्या क़ाफनं लिहायचा. छोट्या काफनं लिहिला की होतो कल्ब, म्हणजे कुत्रा. दरवर्षी कुणी ना कुणी 'माझा कुत्रा दुःखी आहे' असं लिहितो आणि वर्ग हसतो. मी त्यावर लाल गोल करत आले. यंदा केला, पण मीही हसले. कुराणात शिकारी जनावरांना शिकवणाऱ्यांसाठी जो शब्द आलाय तो याच छोट्या काफच्या मुळातून आलाय. आणि गुहेत झोपलेल्या नेक माणसांचा कुत्रा उंबऱ्यावर पाय पसरून बसलेला आहे, त्या माणसांची मोजदाद होते तेव्हा तोही मोजला जातो. हे सगळं मी कित्येक वर्षं पढत आले होते.

अम्मीला सांगायचं राहिलं होतं. ती आता अठ्ठ्याहत्तरची आहे. एका संध्याकाळी ओट्यावर तांदूळ निवडताना सगळं सांगून टाकलं, कुत्रा, तळघर, बीळ, हाक. ती तांदूळ निवडतच राहिली. मला वाटलं आता सुनावणार.

"माझ्यासारखीच हाक मारली?" तिनं विचारलं.

"अगदी तुझ्यासारखी."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बोलावलं तर मग जेवायला घातलं ना त्याला? नुसतं खोटं नाही ना बोलावलं?"

मी रात्री आपाला फोन केला आणि विचारलं. घातलं होतं म्हणाली. आपानं स्वतःच्या हातानं.